जागता पहारा : हृदयरुग्णांच्या शुश्रूषेची वाटचाल

जैन दर्शनाने तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भेद मानले आहेत. अनशन, ऊनोदरी, रसपरित्याग ही बाह्य तपे सर्वांच्या परिचयाची आहेत. पर्युषणात त्यांचा गौरव होतो, पारण्याचे सोहळे होतात, तपस्व्यांच्या मिरवणुका निघतात. आभ्यंतर तपांत मात्र एक तप असे आहे की ज्याची मिरवणूक कधीच निघत नाही. ते तप म्हणजे वैयावृत्त्य, बोलीभाषेत वैयावच्च. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी वैयावृत्त्यास पात्र अशा दहा जणांची गणना केली आहे. त्यात आचार्य आहेत, उपाध्याय आहेत, तपस्वी आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीत 'ग्लान', म्हणजे रोगाने पीडलेला साधू आहे. आजाऱ्याची सेवा ही नुसती दया नव्हे, ते तप आहे, असा याचा अर्थ होतो. तप म्हटले की त्याला नियम आला, जागरण आले आणि सातत्य आले.

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मंदिर, पाठशाळा आणि धर्मशाळा यांच्याबरोबर आरोग्यसेवेचाही विचार होणे उचित आहे. व्यापारी समाजात क्वचितच असे घर सापडेल, जेथे मध्यरात्री कोणी छातीला हात लावून उठून बसले नाही. अशा रुग्णाला वाचविणाऱ्या शस्त्रक्रियांची, यंत्रांची आणि नामवंत डॉक्टरांची चर्चा घरोघरी होते. परंतु त्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर उभी असलेली परिचारिका या चर्चेत कोठेच नसते. हृदयविकाराच्या उपचारांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मृत्यूचे प्रमाण प्रथम खाली आणण्यात तिचा वाटा किती मोठा होता हे ध्यानात येते.

वेदनेला नाव मिळाले

छातीतील ही वेदना मानवजातीइतकीच जुनी असावी. पण तिचे नेमके वर्णन प्रथम केले ते लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी. १७६८ साली त्यांनी तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एक निबंध वाचला. तो १७७२ मध्ये छापला गेला. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर चालताना छाती आवळल्यासारखी होते आणि माणूस थांबला की वेदनाही थांबते, हे त्यांनी नमूद केले व या विकाराला 'अंजायना पेक्टोरिस' असे नाव दिले. मात्र ही वेदना हृदयाच्या रक्तवाहिन्यांमुळे होते हे हेबर्डन यांना ठाऊक नव्हते.

त्याच काळातील प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांना हा विकार होता. आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही उपद्व्यापी माणसाच्या हाती आपला जीव आहे, अशा आशयाचे ते बोलत असत. १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत त्यांच्या म्हणण्याला विरोध झाला, वाद वाढला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. क्रोध या कषायाची किंमत हृदयाला मोजावी लागते, याचे हे नोंदलेले जुने उदाहरण होय.

औषध मिळण्यास आणखी शतक जावे लागले. १८६७ मध्ये लॉडर ब्रंटन यांनी अमिल नायट्राइट हुंगवून वेदना कमी होते हे दाखविले, तर १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचा उपयोग प्रसिद्ध केला. सुरुंगाच्या दारूत वापरला जाणारा हाच पदार्थ आज जिभेखाली ठेवण्याच्या चिमुकल्या गोळीत असतो. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात हेच औषध सुचविले गेले होते, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल.

सहा आठवड्यांची शय्या

हृदयाच्या धमनीत गुठळी अडकूनही माणूस जगू शकतो, ही गोष्ट १९१२ साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ठामपणे मांडली. तोपर्यंत असा झटका म्हणजे मृत्यूच, असा समज होता. रुग्ण जगतो म्हटल्यावर त्याची देखभाल कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. हेरिक यांनी पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला, आणि पुढील चाळीस वर्षे वैद्यकविश्वाने तो सल्ला अत्यंत कठोरपणे पाळला.

रुग्णाला चार ते सहा आठवडे उताणे झोपवून ठेवीत. त्याने स्वतःच्या हाताने घास घेऊ नये, कूस बदलू नये, दाढी करू नये, असा दंडक होता. ही सर्व कामे परिचारिका करी. चमच्याने भरवणे, अंग पुसणे, चादर बदलणे, मलमूत्राची सोय करणे, ही तिची दिनचर्या होती. शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णाच्या खोलीतील शांतता, मोकळी हवा आणि बारीक निरीक्षण यांवर भर दिला होता. दाराआडची कुजबूज रुग्णाला किती त्रास देते आणि भेटीस आलेल्यांची पोकळ सांत्वने त्याला कशी थकवितात, हेही त्यांनी विस्ताराने लिहून ठेवले आहे. आपल्याकडील रुग्णालयांत भेटीच्या वेळी खाटेभोवती जमणारा गोतावळा पाहिला की त्या लेखनाची आठवण होते.

एवढी काळजी घेऊनही पुष्कळ रुग्ण दगावत. निश्चल पडून राहिल्यामुळे पायांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकत. पाठीला शय्याव्रण होत. आडवे राहून शौचास जोर करावा लागे, त्याचा भार हृदयावर पडे. आपण आता कधीच उठणार नाही, या विचाराने रुग्ण खचून जाई.

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातील वयोवृद्ध हृदयतज्ज्ञ डॉ. सॅम्युअल लेव्हिन यांना या दंडकाविषयी शंका आली. त्यांनी आपले तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांच्या साहाय्याने रुग्णांना दररोज काही काळ आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी प्रथम कडाडून विरोध केला. हा तर रुग्णांच्या जिवाशी खेळ आहे, असे त्यांना वाटे. १९५२ मध्ये ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. खुर्चीत बसल्याने कोणाचे हृदय फाटले नाही. उलट रुग्ण टवटवीत झाले, त्यांना आशा वाटू लागली. एका साध्या खुर्चीने चाळीस वर्षांची रूढी मोडली. सद्हेतूने केलेली सेवाही अपायकारक ठरू शकते, म्हणून ती वेळोवेळी पारखून घ्यावी लागते, हा धडा या प्रकरणाने दिला.

राष्ट्राध्यक्षांचे 'अपचन'

२३ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हर येथे सुट्टीवर होते. दिवसा गोल्फ खेळताना त्यांनी कच्चा कांदा घातलेले हॅम्बर्गर खाल्ले होते. मध्यरात्र उलटल्यावर छातीत दुखू लागले. खासगी डॉक्टर आले आणि त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले. सकाळी वृत्तपत्रांना सांगण्यात आले की राष्ट्राध्यक्षांचे पोट बिघडले आहे. ईसीजी काढला गेला तो २४ तारखेला दुपारच्या सुमारास, आणि मग हृदयविकाराचा झटका असल्याचे स्पष्ट झाले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुषाच्या बाबतीतही इतके मोलाचे तास हातचे गेले.

पुढे डॉ. पॉल डडली व्हाइट यांच्या सल्ल्याने उपचार झाले, राष्ट्राध्यक्षांना खुर्चीत बसविण्यात आले, आणि सुमारे सात आठवड्यांनी ते रुग्णालयातून बाहेर पडले. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूकही जिंकली. हृदयविकारानंतरही माणूस कामाला लागू शकतो, हे साऱ्या जगाने पाहिले. परंतु 'ॲसिडिटी असेल, सकाळी बघू' ही त्या रात्रीची चूक आजही घरोघरी होत असते.

बंद पडलेल्या हृदयाचे चार क्षण

झटका आलेल्या रुग्णांपैकी अनेकांचा मृत्यू हृदय कमकुवत झाल्याने नव्हे, तर हृदयाची लय एकाएकी बिघडल्याने होतो. हृदयाचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरत राहतात, रक्ताभिसरण थांबते, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. असे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा तालावर आणता येते, हे १९४७ साली क्लीव्हलँडचे शल्यविशारद क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलावर सिद्ध केले. त्या वेळी शस्त्रक्रियेसाठी मुलाची छाती उघडलेलीच होती. १९५६ मध्ये बोस्टनच्या डॉ. पॉल झॉल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन हे साधल्याचे प्रसिद्ध केले. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कोवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने छातीच्या मध्यभागी तळहाताने दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे दाखविले. १९६२ मध्ये डॉ. लाउन यांनी अधिक सुरक्षित अशा एकदिश विद्युत्प्रवाहाचा डिफिब्रिलेटर प्रचारात आणला.

अशा रीतीने साधने हाती आली. परंतु झटक्याचे रुग्ण तेव्हा रुग्णालयाच्या निरनिराळ्या कक्षांत विखुरलेले असत, कित्येकदा शांततेसाठी अगदी कोपऱ्यातील खोलीत. रात्री दोन वाजता तेथे एखाद्याचे हृदय थांबले, तर ते कळणार कोणाला? कळले तरी यंत्र घेऊन डॉक्टर येईपर्यंत वेळ टळून गेलेली असे. जिन्नस गोदामात भरपूर आहे, पण गिऱ्हाईक दारात असताना दुकानात माणूस नाही, अशी ही अवस्था होती.

एडिंबरोची कल्पना, कॅन्ससचा प्रयोग

या अडचणीवरचा तोडगा सुचला तो एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीतील तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन यांना. १९६१ साली त्यांनी आपले विचार मांडले आणि ते 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झटक्याचे सर्व रुग्ण एकाच कक्षात ठेवावेत. त्यांच्या हृदयाच्या लयीवर यंत्राद्वारे अखंड नजर ठेवावी व लय बिघडताच घंटा वाजावी. छातीवर दाब देण्याची व विजेचा झटका देण्याची सोय तेथेच असावी. आणि डॉक्टर हजर नसताना प्रशिक्षित परिचारिकेने स्वतः उपचार सुरू करावेत, असे त्याचे सार होते. या चार सूत्रांपैकी पहिली तीन सर्वांना पटली. चौथे सूत्र गिळायला मात्र जड गेले.

पुढे ज्युलियन ऑस्ट्रेलियात गेले आणि १९६२ च्या अखेरीस त्यांनी सिडनी येथे असा कक्ष उभा केला. त्याच वर्षी कॅनडात टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. केनेथ ब्राउन यांनी आणि अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलमध्ये डॉ. ह्यूज डे यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे कक्ष सुरू केले. बेथनीचा कक्ष २० मे १९६२ रोजी उघडला. डॉ. डे यांनी आधी सर्व साहित्य एका ढकलगाडीवर रचून ती रुग्णाकडे धाडण्याचा प्रयत्न केला होता. परंतु गाडी पोहोचेपर्यंत उशीर होई. तेव्हा गाडीने रुग्णाकडे धावण्याऐवजी रुग्णच गाडीजवळ आणून ठेवावा, असा विचार त्यांनी केला.

धर्मादाय न्यासांच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. बेथनीच्या प्रयोगाला आर्थिक साह्य मिळाले ते जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन या न्यासाकडून. हार्टफर्ड बंधूंची संपत्ती चहा व वाणसामान विकणाऱ्या दुकानांच्या साखळीतून आलेली होती. किराणा मालाच्या व्यापारातून साठलेला पैसा हृदयरुग्णांच्या पहाऱ्यासाठी खर्च झाला. व्यापाऱ्याचे दान वेळेवर आणि योग्य ठिकाणी पडले, तर त्यातून काय उभे राहू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

झटका देण्याचा अधिकार कोणाचा?

नवे कक्ष झपाट्याने उघडू लागले. पडद्यांवर हिरव्या रेषा धावू लागल्या, घंटा वाजू लागल्या. परंतु यंत्र बसवले की मृत्यू कमी होतात ही अपेक्षा फोल असल्याचे लवकरच दिसून आले. घंटा वाजते, परिचारिका धावते, पडद्यावरची वेडीवाकडी रेषा पाहते, आणि डॉक्टरांना निरोप पाठवून वाट पाहत राहते. नियमच तसा होता. ईसीजी वाचणे, औषध ठरविणे, विजेचा झटका देणे ही सर्व डॉक्टरांची कामे मानली जात. परिचारिकेने नाडी, ताप व रक्तदाब नोंदवावा आणि आज्ञेची वाट पाहावी. मधली तीन-चार मिनिटे ज्याची जात, त्याचा प्राणही त्यांच्याबरोबर जाई.

फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हॉस्पिटलमधील डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. १९६३ च्या सुमारास त्यांनी अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील परिचर्या विभागाच्या अनुदानातून एक संशोधन-कक्ष चालविला. तेथील शुश्रूषेची धुरा रोझ पिनीओ या परिचारिकेने वाहिली. रुग्णाजवळ चोवीस तास कोण असते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. डॉक्टर येतात आणि जातात; परिचारिका असतेच. मग जी व्यक्ती हजर आहे तिलाच विद्या द्यावी आणि विद्येबरोबर अधिकारही द्यावा, हे ओघाने आले.

या परिचारिका हृदयाची रचना शिकल्या, ईसीजीतील लयीचे बारकावे ओळखू लागल्या, घातक लय येण्यापूर्वीच्या लहानसहान इशाऱ्यांवर लक्ष ठेवू लागल्या, आणि हृदय थरथरू लागताच स्वतः डिफिब्रिलेटर हाती घेऊ लागल्या. १९६५ मध्ये मेल्ट्झर, पिनीओ व किचेल यांनी परिचारिकांसाठी हृदयरुग्णांच्या शुश्रूषेची एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. एरवी परिचारिकांना डॉक्टरांच्या पुस्तकांतील उष्टे ज्ञान मिळे; येथे एका परिचारिकेचे नाव लेखक म्हणून छापलेले होते.

विरोध झाला नाही असे नाही. परिचारिकेच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण, कायदा काय म्हणेल, डॉक्टरांचा मान राहील काय, असे प्रश्न विचारले गेले. परंतु अनुभवच निर्णायक ठरला. १९६७ साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय केंद्रातील डॉ. थॉमस किलिप आणि डॉ. जॉन किंबॉल यांनी चार खाटांच्या कक्षातील २५० रुग्णांचा दोन वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्यांचा रक्तदाब पूर्णपणे कोसळलेला नव्हता अशा रुग्णांत, कक्षाबाहेर २६ टक्के मृत्यू होत, तर कक्षात ते ७ टक्के झाले. ही तुलना चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची नव्हती, हे सांगितले पाहिजे. तरीही फरक डोळ्यांत भरणारा होता.

किलिप यांनी रुग्णाच्या अवस्थेचे जे चार वर्ग पाडले, ते आजही जगभर वापरले जातात. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसात पाणी साचल्याचे आवाज ऐकायचे, मानेच्या शिरा पाहायच्या, हातपाय गार आहेत का ते चाचपायचे, रक्तदाब मोजायचा. कान, डोळे आणि बोटे जागी असली की रुग्णाचा धोका कळतो. नाइटिंगेल यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेले निरीक्षण असे नव्या विज्ञानाच्या केंद्रस्थानी आले.

भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केलेला अप्रमादाचा उपदेश जैन समाजाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. 'समय' हे जैन दर्शनात काळाचे सर्वांत सूक्ष्म परिमाण आहे आणि साधकाने तेवढाही प्रमाद करू नये, अशी ती शिकवण. हृदयकक्षातील परिचारिका ही शिकवण कळत-नकळत आचरत असते. लय बिघडल्यावर विजेचा झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. तेथे डुलकी हा केवळ दोष नसतो, तो एखाद्याचा मृत्यू असतो.

नवी औषधे, जुनी जागरूकता

पुढील प्रगती वेगाने झाली. १९७७ मध्ये झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी रुंद केली, हीच अँजिओप्लास्टी. १९८० मध्ये डॉ. डीवूड यांनी झटक्याच्या पहिल्या तासांत बहुतेक रुग्णांची धमनी गुठळीने पूर्ण बंद असते, हे चित्रणाने सिद्ध केले. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या एका भव्य चाचणीत ॲस्पिरिनची साधी गोळी आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज यांनी मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी होतात हे दिसले. घड्याळाला औषधाइतकेच महत्त्व आले. छातीत दुखत असलेला रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, हा आज सर्वमान्य दंडक आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बहुधा दारातील परिचारिकेवर अवलंबून असते.

जुन्या समजुती तपासण्याचे कामही चालूच आहे. झटक्याच्या प्रत्येक रुग्णाला प्राणवायूचा मुखवटा लावण्याची प्रथा अनेक दशके होती. २०१७ मध्ये स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्या रक्तातील प्राणवायू ९० टक्के वा त्याहून अधिक आहे त्यांना याचा विशेष लाभ होत नाही असे आढळले. आता तो गरजेपुरताच दिला जातो. शय्येच्या बाबतीत झाले तेच येथे झाले. एकाच बाजूने पाहून सत्य पूर्ण दिसत नाही, हे अनेकान्ताचे सूत्र वैद्यकालाही सोडत नाही.

महाराष्ट्रातील एक धागा

परिचारिकेविषयीचा आदर आपल्याकडे सहज आलेला नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना केली. सेवासदनाच्या द्वारे त्यांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून प्रयत्न केले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, ही कामे तेव्हा कुलीन स्त्रीला कमीपणा आणणारी समजली जात. रमाबाईंनी लोकापवाद सोसून ही वाट पाडली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व पुढे १९७० च्या दशकात मुंबईसह भारतातील मोठ्या शहरांत हृदयरुग्णांचे अतिदक्षता विभाग उभे राहू लागले, तेव्हा त्यांत रात्रपाळीला उभ्या राहिलेल्या मराठी मुलींना ही वाट मळलेली मिळाली.

घरातील पहिली घटका

शुश्रूषेचा आरंभ रुग्णालयाच्या दारात होत नाही, तो घरात होतो. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, ही लक्षणे दिसली तर रुग्णाला जिना उतरू देऊ नये, स्कूटरवर बसवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. त्याला टेकून बसवावे, कपडे सैल करावेत आणि तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर ही सेवा आहे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना कित्येकदा वेदना होतच नाही. नुसता थकवा किंवा धाप असते. रुग्ण निपचित पडला व श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे शिक्षण अर्ध्या दिवसात घेता येते.

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख आवश्यक आहे. चौविहार असताना, उपवासात किंवा पौषधात रात्री छातीत दुखू लागले, तर अनेक वडीलधारी मंडळी पच्चक्खाण मोडेल म्हणून गोळी घेत नाहीत, कोणाला उठवतही नाहीत, आणि सूर्योदयाची वाट पाहत बसतात. त्यांच्या श्रद्धेपुढे मस्तक नमते. परंतु शास्त्रकारांची दृष्टी अधिक करुणामय आहे. पच्चक्खाणाच्या पाठांतच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. त्यांतील एक आगार समाधी टिकविण्यासाठी आहे; तीव्र व्याधीत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषध घेतल्यास नियमाचा भंग होत नाही, असे त्याचे विवेचन गुरुभगवंत करतात. हृदयरुग्णांनी तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा आणि गुरूंचा, दोघांचाही सल्ला घ्यावा आणि नित्याची औषधे परस्पर बंद करू नयेत. घरातल्यांनीही हे आगार आधीच समजून घेतलेले असावेत. ऐन रात्री त्यांची चर्चा करायला वेळ नसतो.

संगमरवरावर नसलेले नाव

ज्या डॉ. लाउन यांनी रुग्णांना खुर्चीत बसविले आणि थांबलेली हृदये चालू करण्याचे यंत्र दिले, त्यांनी पुढे रशियन हृदयतज्ज्ञ डॉ. चाझॉव्ह यांच्यासह अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांची जागतिक संघटना स्थापन केली. १९८५ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्लो येथे समारंभापूर्वीच्या पत्रकार परिषदेत एक सोव्हिएत पत्रकार हृदय बंद पडून कोसळला. हे दोन्ही डॉक्टर व्यासपीठ सोडून धावले आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी त्याच्या छातीवर दाब देऊन त्याला परत आणले. दोन शत्रुराष्ट्रांचे हात एका माणसाच्या छातीवर एकत्र आले. 'परस्परोपग्रहो जीवानाम्' या वचनाचे याहून बोलके चित्र क्वचितच आढळेल.

आपल्या समाजाने रुग्णालयांना उदार हस्ताने देणग्या दिल्या आहेत. भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर इमारतींची, खाटांची, यंत्रांची आणि दात्यांची नावे कोरलेली दिसतात. मॉनिटर दिला की पाटी लागते. तो मॉनिटर रात्री तीन वाजता पाहणाऱ्या मुलीच्या शिक्षणासाठी, तिच्या योग्य वेतनासाठी, तिच्या निवाऱ्यासाठी दान देण्याची प्रथा मात्र अजून रुजलेली नाही. १९६२ ते १९६७ या पाच वर्षांचा इतिहास सांगतो की, यंत्र तेच असताना मृत्यू कमी झाले ते उशाशी असलेल्या व्यक्तीला विद्या आणि अधिकार मिळाल्यानंतर. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर भांडवल यंत्रात गुंतले, पण नफा मिळाला तो माणसाच्या जागेपणातून.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ग्लानसेवेचा हा अर्थ ध्यानी घेऊन, येत्या काळात एखाद्या होतकरू मुलीच्या परिचर्या-शिक्षणाचा भार कोणी उचलला, आणि प्रत्येक घरातील एका तरी व्यक्तीने छातीवर दाब देण्याचे शिक्षण घेतले, तर वैयावृत्त्याचे आभ्यंतर तप खऱ्या अर्थाने आचरणात येईल. त्याची मिरवणूक निघणार नाही. पण कोणाच्या तरी घरात पहाट होईल, आणि अंथरुणावर उठून बसलेला माणूस नवकार म्हणेल.

जय जिनेन्द्र.